जंगल परत का येत नाही, ते आधी शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाच्या ताब्यात ६० हेक्टर डोंगरउतार आहे. जुन्या माणसांना तिथलं दाट जंगल आठवतं. आज तिथे गवत, खुरटी झुडपं, एका बाजूला घाणेरीचं (लँटानाचं) रान आणि माथ्याकडे उघडा पडलेला मुरूम आहे. गुरं चरतात, दर उन्हाळ्यात वणवा लागतो. आता एक लाख रोपांची सोय झाली आहे, तर कोणती झाडं आणि किती अंतरावर लावावीत?

माझी विनंती आहे की अजून एकही खड्डा खणू नका. झाडं लावायला माझा विरोध नाही, आयुष्याची पंचवीस वर्षं मी हेच काम करतो आहे. पण तुम्ही दिलेल्या वर्णनातल्या 'खुरट्या झुडपां'मध्येच बहुधा तुमचं जंगल दडलेलं आहे, आणि खड्डे खणणाऱ्या टोळ्या पहिल्याच दिवशी ते साफ करून टाकतील.

तुटलेलं जंगल म्हणजे रिकामी जमीन नसते. तोडलेल्या झाडांचे खुंट आणि मुळं वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मातीत बी असतं, वाऱ्याने आणि पाखरांनी आणलेलं बी पडत असतं. पाऊस झाला की फुटवे येतात, मग गुरं ते खातात, उरलेले वणव्यात जळतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात. अशी वीस-तीस वर्षं कुरतडली गेलेली गुडघाभर उंचीची 'झुडपं' मी उकरून पाहिली आहेत. खाली मांडीएवढं जाड मूळ निघालं आहे. असं जंगल दरवर्षी परत येऊ बघतं आणि काहीतरी त्याला अडवतं. ते काय, हे शोधणं म्हणजे निम्मं काम. कोणती रोपं, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथल्या मराडी भागात वृक्षारोपणाचा प्रकल्प चालवत होते. लावलेली बहुतेक रोपं मरत होती. १९८३ मध्ये रोपं घेऊन जाताना, वाळूत गाडी चालावी म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते थांबले आणि शेजारच्या एका झुडपाकडे त्यांचं लक्ष गेलं. पानं ओळखीची निघाली. ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाच्या खुंटाला आलेले फुटवे होते. अशी लाखो 'झुडपं' शेताशेतांत होती आणि शेतकरी ती दरवर्षी छाटून जाळत होते. मग काम बदललं: खुंटावरचे दोन-चार जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे काढायचे, खालच्या फांद्या छाटायच्या आणि गुरांपासून जपायचं. पुढच्या दोन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली. पण तिथला खरा अडथळा कायद्याचा होता. झाडं सरकारच्या मालकीची मानली जात, म्हणून ती वाढवण्यात शेतकऱ्याला काहीच मिळत नव्हतं. राखलेलं झाड आपल्यालाच तोडता येईल हा भरवसा आला, तेव्हा कुऱ्हाड थांबली.

तर पहिलं काम मोजणीचं. पाच मीटर दोरी घ्या, तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधा आणि दुसरं टोक फिरवून वर्तुळ आखा. असली निदान दहा वर्तुळं, शक्यतो जास्त, डोंगरावर विखरून घ्या: माथा, मधला उतार, पायथा, घळींच्या कडा. सोयीच्या जागा निवडू नका, नाहीतर सगळी वर्तुळं पाऊलवाटेच्या कडेला येतात. प्रत्येक वर्तुळात वृक्षजातींची गुडघ्याच्या वरची रोपं, जिवंत खुंट आणि उभी झाडं मोजा. जाती ओळखायला रानात वावरणारी जुनी माणसं सोबत हवीतच. पानं कुरतडलेल्या खुंटावरून झाड ओळखणं पुस्तकी माणसाला जमत नाही, मला अजूनही प्रत्येक वेळी जमत नाही.

उत्तर थायलंडमधल्या चिआंग माई विद्यापीठाच्या वनपुनर्स्थापना गटाने यासाठी एक सोपा आकडा वापरात आणला आहे: हेक्टरी सुमारे ३,१०० रोपं-खुंट असतील, म्हणजे सरासरी १.८ मीटरवर एक, तर नीट राखल्यास दोन-तीन वर्षांत पानांचं छत जुळायला लागतं. तुमच्या पाच मीटरच्या वर्तुळात हा आकडा साधारण २५ होतो. जिथे २५ च्या आसपास आणि बऱ्याच वेगवेगळ्या जातींची रोपं मिळतील, तिथे लावायचं काहीच नाही. फक्त राखायचं. दहा-बारा मिळाली तर मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. चार-दोनच मिळाली तर लागवड हवी. तुमच्या ६० हेक्टरांत एक लाख रोपं सरसकट लावली तर हेक्टरी १,६७० च्या घरात जातात. मोजणी झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की काही भागात ती नुसती अडचण होतील आणि काही भागात पुरणार नाहीत.

राखणं म्हणजे नुसतं कुंपण घालून बसणं नव्हे. प्रत्येक रोपाशेजारी रंग लावलेली काठी रोवा, म्हणजे गवत कापणाऱ्याच्या विळ्यातून ते वाचेल. रोपाभोवतीचं हातभर गवत काढून तेच आच्छादन म्हणून बुडाशी पसरा, खोडाला मात्र टेकवू नका. खुंटावर वीस फुटवे असतील तर दोन-तीन सरळ फुटवे ठेवा. उंच, दाट गवत असेल तर ते कापण्यापेक्षा फळीने दाबून आडवं करणं बरं. लव्हाळ्यासारखी फोफावणारी 'इम्पेराटा' जातीची गवतं कापली की दुप्पट जोमाने येतात. आडवी पाडली की खालचं गवत सावलीत दमतं आणि वणव्याची ज्वाळही बुटकी राहते. फिलिपिन्समध्ये ही पद्धत बरीच वापरली गेली आहे: फळीला दोरी बांधायची, पाय देऊन दाबत पुढे जायचं. साधं काम आहे आणि दिवसाकाठी बराच भाग उरकतो.

गवत आणि आग ही जोडी ओळखायला कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेची गोष्ट ऐका. तिथल्या शुष्क जंगलाच्या जागी कुरणं झाली होती आणि आफ्रिकेतून आणलेलं जारागुआ गवत माजलं होतं. गवत वाळायचं, पेटायचं, रोपं जळायची, गवत पुन्हा यायचं. डॅनियल जान्झेन आणि विनी हॉलवॉक्स या दांपत्याने आग थांबवणं हेच मुख्य काम मानलं. सुरुवातीला गवत कमी राहावं म्हणून त्यांनी काही भागांत गुरं मुद्दाम चरू दिली. गुरं नेहमीच शत्रू नसतात, ती कधी, कुठे आणि किती हा प्रश्न असतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका रस उत्पादक कंपनीचा संत्र्यांचा चोथा आणि साली, सुमारे १२,००० टन, तिथल्या तीन हेक्टरांवर टाकू दिल्या. दुसऱ्या कंपनीने खटला भरला आणि प्रयोग थांबला, पण टाकलेलं तिथेच राहिलं. सुमारे पंधरा वर्षांनी संशोधक परतले तेव्हा त्या तुकड्यावर दाट जंगल होतं. शेजारच्या, साली न टाकलेल्या जमिनीपेक्षा झाडांचा जमिनीवरचा जैवभार, म्हणजे खोड-फांद्या-पानांचं एकूण वजन, १७६ टक्क्यांनी जास्त. सालींच्या थराखाली गवत गुदमरलं आणि निकस मातीला खत मिळालं. एकही रोप लावलं नव्हतं. तुम्ही संत्र्याच्या साली आणा असं मी म्हणत नाही. तिथला अडथळा नेमका हटला, एवढंच त्यातून घ्या.

तुमच्याकडच्या घाणेरीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्यावर मेहनत वाया घालवणारे फार पाहिले. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली ही वनस्पती वरून कापली की दहा फांद्यांनी उठते आणि जाळली तरी मुळाशी जिवंत राहते. दिल्लीतले परिसंस्थातज्ज्ञ सी. आर. बाबू यांच्या गटाने दाखवलेली रीत मला सगळ्यांत उपयोगी वाटली: मुख्य मूळ जमिनीच्या किंचित खाली, फुटवा येणाऱ्या भागाच्या खालून तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं. फांद्या मातीला टेकून पुन्हा मुळं धरत नाहीत आणि सांगाडा जागीच वाळतो. फळं धरण्याआधी हे करा. मग पुढची दोन-तीन वर्षं पाखरं बसतात त्या झाडांखाली आणि ओहोळांच्या काठाने फिरून नवी रोपं उपटा. आणि मोकळी केलेली जागा उघडी ठेवू नका, लगेच स्थानिक गवताचं बी टाका. नाहीतर तिथे घाणेरी परतेल किंवा रानमोडी हे दुसरं परकं तण येईल. एका हंगामात झेपेल आणि नंतर राखता येईल एवढाच तुकडा हाती घ्या.

माथ्यावरचा उघडा मुरूम हा वेगळा रुग्ण आहे. तिथे माती धुपून गेली आहे, म्हणून नुसतं राखून फार काही उगवणार नाही. दोन्ही बाजूंनी उघडा डबा जमिनीत चार बोटं ठोका, पाणी ओता आणि ते किती वेळात मुरतं ते बघा. तीच चाचणी झाडाखालच्या मातीत करा. फरक स्वतः पाहिला की गावातल्या कुणालाही वेगळं समजावावं लागत नाही. पाण्याचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करत या. आधी वर समतल चर आणि दगडांच्या ओळी, मग घळींत लहान दगडी बांध, सगळ्यांत शेवटी खाली काही मोठं. उलट केलं तर खालचे बांध पहिल्या दोन पावसांत गाळाने भरतात. चर खणताना जिवंत खुंट मध्ये आला तर चर तोडा, खुंट तोडू नका. यंत्र चालवणाऱ्याला हे सांगून भागत नाही, स्वतः पुढे उभं राहावं लागतं. आणि वरची काळी माती बाजूला काढली असेल तर ती महिनोन्‌महिने ढिगात न ठेवता लगेच पसरा, कारण ढिगात तिच्यातलं बी आणि सूक्ष्मजीव मरतात.

आता लागवड. मोजणीत जिथे फारच कमी निघालं आणि आसपास बी देणारं जंगलही उरलेलं नाही, तिथे ती करा आणि मन लावून करा. चिआंग माईच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधून घेऊन वाढवलेली पद्धत अशी: त्या भागातल्याच २० ते ३० जाती निवडायच्या, पण अशा की ज्या उघड्यावर तग धरतात, लवकर पसरून गवतावर सावली धरतात आणि लवकर फळतात. पाखरं आणि वटवाघळं त्या फळांसाठी येतात आणि विष्ठेतून दुसऱ्या झाडांचं बी टाकून जातात. म्हणजे तुम्ही तीस जाती लावता, उरलेलं जंगल पाहुणे आणतात. बी किमान पंचवीस-तीस वेगवेगळ्या आया-झाडांवरून, शक्यतो तशाच उंचीच्या आणि पावसाच्या भागातून गोळा करा. एकाच रस्त्याकडेच्या झाडाखालून पोतं भरून आणलेलं बी म्हणजे सगळी सख्खी भावंडं. आज ती वाढतील, पण पुढच्या पिढीत जोम राहणार नाही. या कामाला एक वर्ष आधी सुरुवात लागते. ते वर्ष रोपवाटिकेला द्या. बाजारात मिळतील ती एक लाख रोपं आणण्यापेक्षा स्वतः वाढवलेली वीस हजार मला जास्त मोलाची वाटतात.

पाखरांवर सगळंच सोडता येत नाही, हेही सांगायला हवं. रिओ दि जानेरोमधल्या तिजुका डोंगरांवर कॉफीच्या मळ्यांसाठी जंगल तोडलं गेलं, शहराचं पाणी आटू लागलं, तेव्हा १८६१ मध्ये सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या आदेशाने मानुएल गोमेस आर्चर यांच्याकडे पुनर्लागवडीचं काम आलं. गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या माणसांच्या हातांनी तिथे हजारो झाडं लागली. आज ते शहराच्या मधोमध उभं असलेलं घनदाट जंगल आहे. पण दीडशे वर्षांनंतरही त्यात मोठ्या बियांची झाडं पसरत नव्हती, कारण ते बी नेणारे प्राणीच संपले होते. २०१० च्या सुमारास तिथे अगुती हा बिया पुरून ठेवणारा उंदीरवर्गीय प्राणी आणि २०१५ मध्ये हाउलर माकडं परत सोडण्यात आली. म्हणून लागवडीत मोठ्या, जड बियांच्या जातींसाठी मुद्दाम जागा ठेवा. लहान बी पाखरू आणेल, पण जड बी आणणारा मोठा प्राणी तुमच्या भागात उरला नसेल तर ते काम तुमचंच.

इथे मला माझी एक चूक सांगावीशी वाटते. सुरुवातीच्या काळात आम्ही एका विस्तीर्ण गवताळ पठारावर हजारो खड्डे घेतले. कागदावर ती 'पडीक जमीन' होती. तिथले मेंढपाळ म्हणाले की इथे आमच्या आजोबांनीही कधी जंगल पाहिलं नाही. आम्ही ऐकलं नाही. खड्डे घेताना कंद निघत होते, तरी आम्हाला कळलं नाही की असे खोल कंद आणि जाड मुळं असलेली गवतं ही प्राचीन कुरणाची खूण असते. झाडं खुरटली, पण जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथून गेले आणि मेंढ्यांची चराई संपली. त्या मेंढपाळांची मी नंतर जाऊन माफी मागितली, कुरण मात्र परत देता आलं नाही. तुमच्या ६० हेक्टरांत एखादा असा गवताळ तुकडा असेल तर तो गवताळच राहू द्या. दक्षिण आफ्रिकेत तर १९९५ पासून सरकारी कार्यक्रमात बाहेरून आलेली पाइन, निलगिरी, वॉटल ही झाडं तोडली जातात, कारण ती ओढ्यांचं पाणी पिऊन टाकतात. चीनच्या लोएस पठारावर पायऱ्यांची शेती, चराईबंदी आणि लागवडीने धूप खूप कमी झाली, ते मोठंच यश आहे. पण तिथेही २०१६ च्या एका अभ्यासाने दाखवलं की झाडोऱ्याची पाण्याची गरज आता उपलब्ध पाण्याच्या मर्यादेला भिडत आहे. कोरड्या जागी दाट लागवड करण्याआधी पायथ्याच्या झऱ्यांचा विचार करा.

आता गुरं आणि सरपण. वरची सगळी माहिती एका रात्रीत वाया घालवणारी गोष्ट हीच. साठ हेक्टर एकदम बंद केले तर ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही त्यांची जनावरं कुठे जाणार? ती रात्री येणार, आणि यायलाच हवीत, पोटाचा प्रश्न आहे. डोंगराचे चार भाग करा, एकावेळी एकच भाग चार-पाच वर्षं बंद ठेवा आणि बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन घरांना द्या. बंदी घातलेल्या भागात गवत पहिल्याच पावसाळ्यात दुपटी-तिपटीने वाढतं, आणि ते कापून नेलं गेलं की वणव्याचं इंधनही कमी होतं. सरपण आणणाऱ्या बायकांना बैठकीत नुसतं बोलावू नका, वाटा आणि भाग त्यांना ठरवू द्या. कोणती वाट बंद झाली तर किती कोस वळसा पडेल, हे त्यांनाच माहीत असतं. नेपाळमध्ये १९९३ च्या वन कायद्याने जंगलाचा कारभार स्थानिक गटांकडे दिला. आज तिथे असे २० हजारांहून जास्त गट आहेत, आणि उपग्रह चित्रांवरून केलेल्या अभ्यासानुसार १९९२ मध्ये २६ टक्के असलेलं वनाच्छादन २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेलं. त्यातलं बरंचसं आपोआप उगवलेलं आहे. राखणाऱ्याला कापायचा हक्क मिळाला, हे त्यामागचं मोठं कारण.

निधी देणाऱ्यांशी बोलताना अडचण येईल, कारण त्यांना रोपांचा आकडा हवा असतो. जगभर तेच चाललं आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या बॉन चॅलेंज या आंतरराष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर पुनर्स्थापित करण्याचं आहे. पण २०१९ च्या एका विश्लेषणात दिसलं की देशांनी दिलेल्या वचनांपैकी ४५ टक्के क्षेत्र एकसुरी व्यापारी लागवडीचं होतं. निधी देणाऱ्यांना सांगा की मोजायचंच तर पाचव्या वर्षी जिवंत असलेली झाडं आणि जाती मोजू. आणि पैसा पहिल्या वर्षात संपवू नका; निंदणी, जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) आणि राखणदाराचा पगार किमान पाच वर्षांचा बाजूला काढा. रोपं मरतात ती बरीचशी पहिल्या काही वर्षांतच, उद्घाटनाची पाटी गंजायच्या आधी.

किती वर्षं लागतील, हेही विचाराल. उष्ण प्रदेशांतल्या दुय्यम, म्हणजे तोडल्यानंतर पुन्हा वाढलेल्या, जंगलांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. आपोआप वाढणारं जंगल वीस वर्षांत जुन्या जंगलाच्या गुणांपैकी सरासरी ७८ टक्के परत मिळवतं. मातीची सुपीकता दहा वर्षांच्या आत सावरते, पण जातींचं मूळचं मिश्रण यायला १२० वर्षांहून जास्त लागतात. तुमचा डोंगर अभ्यासातल्या बऱ्याच जागांपेक्षा जास्त झिजलेला वाटतो, तेव्हा अंदाज थोडा हात राखूनच धरा.

या पावसाळ्यात एवढंच करा: वर्तुळं मोजा. दहा ठिकाणी दगडावर रंगाची खूण करून त्याच जागेवरून, त्याच दिशेला फोटो काढा. दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा काढायचे आहेत. सगळ्यांत जास्त खुंट निघतील तो भाग पहिला बंद करा. घाणेरीचा एक लहान तुकडा उलटा करून बघा. बी गोळा करायची झाडं हेरून त्यांची फळं कधी पिकतात ते वहीत लिहा. आणि डोंगराचा एखादा छोटा तुकडा, अर्धा हेक्टर पुरे, जसा आहे तसाच सोडा: ना राखण, ना लागवड. तीन वर्षांनी आपल्या कामामुळे काय झालं आणि नुसत्या चांगल्या पावसामुळे काय झालं, ते त्या तुकड्याशी ताडून कळेल. वर्तुळांचे आकडे आले की जागेनुसार मांडून मला पाठवा, कोणत्या भागात काय लावायचं ते आपण तेव्हा बसून ठरवू.